वरचा डोह

फार पूर्वी काशीत सुदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमवंताच्या पायथ्याशी एका वाटाड्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव धीरक. परमुलखातून येणाऱ्यांना कोणत्या ओढ्यात, कोणत्या तळ्यात मासा लागेल ते धीरक दाखवी. फक्त वरचा डोह दाखवत नसे. माशांच्या माद्या पोटात अंड्यांची गाभोळी घेऊन तिकडे चढू लागल्या की गावकरी वाटेवर गवताची दोरी आडवी बांधत, आणि ती कोणी ओलांडत नसे. खालच्या साऱ्या पाण्यातला मासा त्या एका डोहातून येई.

धीरकाची बायको केसिनी घरात नवी होती. दोरीची गोष्ट सासूने तिला पहिल्याच दिवशी सांगितली होती, चूल दाखवण्याच्याही आधी.

एकदा भद्रवाह नावाचा मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा नोकरांसह तिथे उतरला. गळ घेऊन तळ्यामागून तळी पालथी घालायची, हाच त्याचा उद्योग. वरच्या डोहाचे त्याने नुसते नाव ऐकले होते; तो दाखवण्यासाठी त्याने धीरकाला आपला घोडा देऊ केला.

धीरक म्हणाला, "घोडा सुंदर आहे. पण तिथे सध्या बाळंतपणं चालू आहेत."

तीन दिवस भद्रवाहाच्या गळाला बोटभर मासेच लागले. चौथ्या दिवशी धीरक रानात गेलेला पाहून तो ओसरीवर आला. केसिनीने पाणी दिले.

"वहिनी, रागावू नका. तुमच्या यजमानांना पाण्यातलं काही कळतं ना? की लोक उगीच नाव घेतात?"

केसिनी एरवी गप्प राहणारी. पण लग्नाला जेमतेम महिना झालेला, आणि नवऱ्याला अडाणी ठरवणारा समोर बसलेला.

"कळत नाही कसं? वरचा डोह त्या देवदारांच्या मागे आहे. त्यांनी दाखवला नाही, एवढंच."

"असं होय," म्हणून तो तांब्या ठेवून उठला.

शब्द तोंडातून गेला तशी तिला दोरी आठवली. ती रानात धावली. धीरकाला घेऊन डोहावर पोहोचेपर्यंत भद्रवाहाच्या नोकरांनी विषारी साल ठेचून पाण्यात कालवली होती. मेलेल्या माशांच्या पोटांनी पाणी पांढरे झाले होते. भद्रवाहाने त्यातले मोठे अकरा निवडले आणि तो पुढच्या तळ्याकडे निघून गेला.

गाव जमले. "डोह दाखवला कोणी?" गावच्या म्हाताऱ्याने विचारले.

केसिनी तोंड उघडणार तोच धीरक म्हणाला, "वाट माझ्या घरातून फुटली. घराचा धनी मी. काय ते मला करा."

गावाने त्याची वाटाड्याची काठी मोडली. तो सरपण विकू लागला.

एकदा मोळ्या घेऊन येताना केसिनी म्हणाली, "मला एकदा बोला तरी. सासूबाई रोज बोलतात, त्याचं बरं वाटतं."

"बोलून मासे परत येणार असते तर बोललो असतो," तो शांतपणे म्हणाला, आणि तिच्या डोक्यावरची मोळी त्याने स्वतःच्या मोळीवर घेतली. मोळी डोक्यावर राहिली असती तर तिला सोपे गेले असते.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा भिक्षूंना सांगून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, चांगली भिक्षा कुठे मिळते हे विचारीत गावोगाव हिंडणारा तुमच्यातला हा भिक्षू तेव्हा भद्रवाह होता. केसिनी म्हणजे माझ्या मुलाची आई, राहुलमाता. वाटाड्या मीच."

त्या जन्मी बोधिसत्त्वाची क्षांती, म्हणजे सोसण्याची आणि क्षमेची शक्ती, पूर्णत्वाला गेली. डोहात मासा पुन्हा चढला नाही.