धुर्पतामायची पंगत

तापीला पूल नव्हता, पलीकडे जायचं तर नावेत बसावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कोणी मोजलेलं नाही. बोरटेकच्या म्हाताऱ्या सांगतात, आमच्या आजीच्या आजीने तिला पाहिलं होतं. आणि म्हाताऱ्यांशी वाद कोण घालणार?

त्या बोरटेकात धुर्पता नावाची बाई होती. सगळा गाव तिला धुर्पतामाय म्हणे. तिचे मांडे पंचक्रोशीत गाजलेले. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण ती लाटायची नाही. दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजायची. धुर्पतामायचा मांडा इतका पातळ असे की त्यातून पलीकडच्या काठावरच्या देवळाचा कळस दिसे, असं म्हणतात.

एकदा काय झालं, तिने खापरावरून मांडा उचलला आणि नेमका वारा सुटला. मांडा उडाला, तो तापी ओलांडून गेला. पलीकडे कौतिक नावाचा गाडीवान कापसाची गाडी हाकत चालला होता. मांडा त्याच्यासमोर जुवावर येऊन पडला. त्याने तो खाल्ला, बैल झाडाला बांधले, नाव पकडली आणि 'हा कोणाच्या हातचा' असं विचारत धुर्पतामायच्या दारात येऊन उभा राहिला. धुर्पतामायची एकुलती एक मुलगी केसर तेव्हा दारात शेणसडा टाकत होती. खरंखोटं तापीला माहीत, पण त्याच वर्षी कौतिक त्या घरचा जावई झाला.

आता दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात जावयाला बोलवायचं आणि गोडधोड करून, तेहतीस नग मोजून खाऊ घालायचे. बाकीच्या सासवा अनारसे द्यायच्या. धुर्पतामाय तेहतीस मांडे करायची, आणि कौतिक ते एका बैठकीत संपवायचा, असं म्हणतात. संपवणार नाही तर काय करणार? आमच्याकडे पाहुण्याने एकदा 'नको' म्हटलं की दोन वाढायचे, दोनदा म्हटलं की चार. पोट भरलं असं सांगणाऱ्याला आम्ही खोटारडा समजतो. आणि सासूच्या हातचं ताटात टाकायचं म्हणजे सासूलाच टाकल्यासारखं. बिचारा खात गेला.

असे तीन धोंड्याचे महिने गेले. मग एके दिवशी केसर एकटीच नावेतून माहेरी आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"माय," ती म्हणाली, "त्यायच्या मांगं मुंग्या लागल्या."

खरंच लागल्या होत्या. कौतिक जिथे लघवीला बसे तिथे मुंग्यांचं वारूळ उठे. पुढे तर तो गाडीतून उतरला की मुंग्यांची एक रांग त्याच्या मागोमाग चालू लागे, आणि तो थांबला की तीही थांबे, असं म्हणतात. तो घागर घागर पाणी पिई आणि तहान काही भागत नसे. पैलवानासारखा गडी, काठीसारखा वाळला. गाडीची खीळ पायाला लागून जखम झाली होती, ती चार महिने बुजली नव्हती. त्याच्या बापालाही असंच झालं होतं आणि बाप पायापासून सडत गेला होता. केसरने ते डोळ्यांनी पाहिलेलं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

नदीकाठी एक म्हातारा वैद्य राहत होता. त्याने कौतिकची नाडी पाहिली, पाय पाहिला आणि मुंग्यांची रांगही पाहिली. तो म्हणाला, "रोग याच्या रक्तात आहे, बापाकडून आला. तो जायचा नाही. पण त्याला पोसायचं की दाबून ठेवायचं, ते तुमच्या चुलीवर आहे." मग त्याने सांगितलं, गूळ आणि मैदा बंद. आधी पालेभाजी खायची, मग डाळ, आणि मग कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, तीही मोजकी. वेळच्या वेळी खायचं, उपास करून कोसळायचं नाही. आणि जेवला की गाडीत बसायचं नाही, चालायचं.

धुर्पतामायने जावयाला आपल्याकडेच ठेवून घेतलं. जावई सासुरवाडीला राहिला म्हणून गावाने टिंगल केली, ती तिने कानाआड केली. आपल्याच मांड्यांनी त्याच्या रोगाला खतपाणी घातलं हे तिच्या मनातून जाईना. ती पहाटे उठून त्याच्यापुरती भाकरी थापी, त्याच्यापुरती मेथी शिजवी, कारल्याची भाजी करी. त्याचं ताट वेगळं, पाटही वेगळा. चुलीच्या दुसऱ्या बाजूला घरचे नेहमीसारखे जेवत.

दोन महिने गेले. जखम बुजायची सोडून वाढली, आणि मुंग्या दुप्पट झाल्या.

धुर्पतामायला कळेना. शेवटी ती मुंग्यांच्या मागे निघाली. रांग तिच्या उंबऱ्यातून निघाली ती तेल्याच्या घरात गेली, तिथून सोनाराच्या, तिथून पाटलाच्या. अकरा घरांच्या चुलीपर्यंत मुंग्यांचा माग लागला, असं म्हणतात. तेव्हा सगळं बाहेर आलं. 'बिचाऱ्या जावयाला सासू कारलं खाऊ घालते' म्हणून गावाला कळवळा आला होता. जो तो त्याला घरात बोलवायचा, शिरा वाढायचा, लाडू हातावर ठेवायचा, आणि 'सासूला सांगू नका' असंही म्हणायचा. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. अकरा घरं मिळून त्याला प्रेमाने मारत होती.

धुर्पतामाय संतापून घरी आली. कौतिक ओट्यावर बसला होता, पायाला फडकं बांधून. तिने विचारलं, "जावईबापू, पोरीचं कुंकू पुसाले निंगाले का तुमी?"

कौतिकने मान खाली घातली. 

"मामी, भाकरीचं काही नाई. कारलंबी खाईन मी. पन माहं ताट येगळं वाढता ना, तवा जित्तेपनीच पित्तराचं पान वाढल्यावानी वाटते. तुमी सारे तिकडं, मी एकटा इकडं. लोकायच्या घरी निदान संगं तरी बसवतात."

 धुर्पतामाय चुलीपुढे जाऊन बसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने त्याच्या पोटाचा विचार केला होता, माणसाचा केलाच नव्हता.

त्याच वर्षी चौथा धोंड्याचा महिना आला. धुर्पतामायने सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. तिच्या मांड्यांच्या आशेने गाव सकाळपासून उपाशी राहून आलं. पंगत बसली, पुरुषांचीच. बायांनी वाढायचं आणि मागून जेवायचं, ही तेव्हाची रीत. आणि काय आश्चर्य, धुर्पतामाय पदर खोचून आली ती सरळ जावयाशेजारच्या पाटावर बसली.

पाटील म्हणाला, "माय, तू बसली तं वाढंल कोन?"

"त्याहीचे हात काय गहान पडले?" असं म्हणून तिने नवऱ्याकडे बोट केलं. तिच्या नवऱ्याने, नथ्थूने, जन्मात कधी पळी धरली नव्हती. त्याने धरली. पहिलंच वरण त्याने पाटलाच्या धोतरावर वाढलं.

पण खरी गंमत ताटात होती. सगळ्यांना आधी मेथी आली, मग वरण, मग कळण्याची भाकरी. जावयाला जे, तेच पाटलाला, तेच धुर्पतामायला. शेवटी मांडे आले, एकेकाला चार बोटांचा तुकडा. नथ्थू जावयासमोर थांबला. धुर्पतामायने विचारलं, "घेता का?"

"पुरे," कौतिक म्हणाला.

सगळी पंगत आता आग्रहाची वाट पाहू लागली. धुर्पतामायच्या ओठांवर तो आलाही होता, जन्माची सवय ती. तिने तो गिळला. "बरं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या ताटातला तुकडाही तिने परत पाठवला. मग पाटलाने परत पाठवला, तेल्याने, सोनारानेही. ज्या अकरा घरांत मुंग्या गेल्या होत्या, त्यातल्या एकानेही त्या दिवशी मांडा खाल्ला नाही, असं म्हणतात. उरलेल्यांनी खाल्ला, आणि त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत.

जेवण झाल्यावर सासू उठली, जावई उठला, आणि दोघं हळूहळू तापीपर्यंत चालत गेली. तो लंगडत होता, म्हणून ती त्याच्या पावलाने चालली. त्या दिवसापासून घरात एकच स्वयंपाक झाला आणि सगळ्यांची ताटं शेजारी शेजारी मांडली गेली. पुढच्या दिवाळीपर्यंत जखम बुजली. मुंग्यांची रांग विरत विरत गेली. सगळ्या मात्र गेल्या नाहीत. दोनचार मुंग्या शेवटपर्यंत त्याच्या उशाशी राहिल्या, आणि कधी चुकून त्याने लाडूला हात लावला की त्या बाकीच्यांना बोलावून आणायच्या. पण कौतिक जगला, स्वतःच्या दोन पायांवर. नातवाच्या लग्नात तो वरातीपुढे नाचला, असं म्हणतात.

धुर्पतामाय जाऊन किती पिढ्या झाल्या. आता तापीवर पूल आहे, तालुक्याला डॉक्टर आहे, रक्त तपासायचं यंत्र घरोघरी आहे. बोरटेकचे लोक गोळ्या घेतात, सुयाही टोचून घेतात, त्यात कसूर करत नाहीत. पण धोंड्याचा महिना आला की गावात धुर्पतामायची पंगत बसते. त्या दिवशी सासवा जावयांच्या शेजारी बसतात आणि सासरे वाढतात. वरण अजूनही कोणाच्या तरी अंगावर सांडतं. आधी पालेभाजी येते, गोड शेवटी येतं, आणि 'घेता का' हे एकदाच विचारतात. जेवण झालं की सासू-जावयांच्या जोड्या तापीच्या वाटेने चालू लागतात, ज्याचा पाय दुखतो त्याच्या पावलाने. आणि त्या अख्ख्या महिन्यात, घरात कोणी कितीही आजारी असो, बोरटेकात कोणाचंही ताट वेगळं मांडत नाहीत.