मोराचं भाषण

फार पूर्वी पाखरांनी मतं देऊन कारभारी निवडायचं ठरवलं, पण राजा मोरच राहिला. कावळीण निवडून आली. दरवर्षी तिने लिहिलेलं भाषण मोराने भरसभेत वाचायचं, असा रिवाज पडला.

एका वर्षी त्यात होतं: राजाने दुपारी ओरडू नये, पिल्लांची झोपमोड होते.

मोराचा तुरा थरथरला. "बंदी माझ्यावर, आणि जाहीरही मीच करू? नाही वाचणार!"

"नका वाचू, महाराज," कावळीण म्हणाली. "पण मग निर्णय तुमचा झाला. आणि निर्णय घेणाऱ्याला मतं मागत झाडोझाड फिरावं लागतं."

मोराने घसा खाकरला आणि रुबाबात सुरुवात केली, "माझ्या सरकारने ठरवलंय..."

पुढच्या निवडणुकीत कावळीण पडली. मोर अजून गादीवर आहे. दुपारी मात्र गप्प असतो.