तीनदा विचारायची रीत

उत्तरेकडच्या एका थंड देशात, समुद्राला अगदी चिकटून, बंदराचं एक छोटं गाव होतं. गावात मासळीचा लिलाव होई, एक चर्च होतं, एक शाळा होती आणि एक फुटबॉलचा क्लब होता. त्या क्लबकडून खेळायला हश्मत नावाचा एक अफगाण खेळाडू दहा महिन्यांच्या करारावर आला.

हश्मत हेरातजवळच्या एका खेड्यातला. तिकडे उन्हाळाभर असा वारा सुटतो की दोन माणसांना बोलायचं असेल तर भिंतीचा आडोसा शोधावा लागतो. त्या वाऱ्यात तो चेंडू मारायला शिकला. विसाव्या वर्षी त्यानं घर सोडलं. आता तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि हा त्याचा पाचवा देश होता. आपल्या राष्ट्रीय संघाकडूनही तो खेळला होता, पण त्या संघाचे घरचे सामनेसुद्धा दुसऱ्यांच्या देशात भरायचे. त्यामुळे घरच्या मैदानावर खेळताना कसं वाटतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी सराव संपला. संघाचा कप्तान तोर्बेन बूट काढता काढता त्याला म्हणाला, "चल, आज आमच्याकडे जेवायला."

हश्मतला फार बरं वाटलं. त्यानं उजवा हात छातीवर ठेवला, मान थोडी झुकवली आणि म्हणाला, "नको, नको. तुम्हाला कशाला त्रास."

"बरं," तोर्बेन म्हणाला, आणि पिशवी उचलून निघून गेला.

हश्मत बघतच राहिला. त्याच्या गावात पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणत नाही. हो म्हणणारा अधाशी ठरतो. यजमान दुसऱ्यांदा विचारतो, पाहुणा दुसऱ्यांदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा यजमान सरळ बाही धरून आत ओढतो, मग पाहुणा आनंदानं जाऊन बसतो. आपल्याला हे काही नवीन नाही. आपल्या पंगतीतही नको म्हणणारा ताटावर हात आडवा धरतो, आणि वाढणारा बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतोच. तो हात खोटा आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं.

हश्मतला वाटलं, कप्तान गाडीपर्यंत जाऊन परत येईल. म्हणून त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. पुन्हा सोडल्या. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग तोही लांब गेला.

आता तोर्बेनच्या गावाची रीत ऐका. तिथे नाही म्हणजे नाही. एकदा नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतोस असं त्याच्या तोंडावर म्हणणं. तोर्बेननं हश्मतच्या शब्दाचा मान राखला होता. दोघंही आपापल्या गावच्या हिशेबानं अगदी नीट वागले होते, आणि तिथेच सगळं बिघडलं.

पुढच्या आठवड्यात गोलरक्षकानं त्याला होडीतून मासे धरायला बोलावलं. हश्मत नको म्हणाला. नाताळच्या आधी सगळे कुणाच्या तरी घरी जमणार होते, तेव्हाही त्याला विचारलं. तो नको म्हणाला आणि वाट बघत राहिला. कुणीच दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याच्या मनानं घेतलं की ही माणसं नुसती तोंडदेखली बोलावतात. त्या माणसांच्या मनानं घेतलं की हा गर्विष्ठ आहे, याला आपली संगत नको. कपडे बदलायच्या खोलीत ते त्याला राजेसाहेब म्हणू लागले. "राजेसाहेब आज चालत जाणार की पालखी येणार?" असं कुणीतरी विचारायचं, आणि बाकीचे हसायचे. काय चाललंय ते न कळून हश्मतही थोडा हसायचा. मग हळूहळू बोलावणं बंद झालं, आणि पुढे चेष्टाही बंद झाली. चेष्टा बंद झाली तेव्हा त्याला जास्त भीती वाटली.

त्याची खोली एका दोरखंडाच्या दुकानावर होती. धुकं पडलं की बंदरातला भोंगा वाजायचा, आणि दर वेळी तो दचकून उठून उभा राहायचा. इतक्या महिन्यांनीही त्याला त्या भोंग्याची सवय झाली नाही. हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधारायचं. तो भात शिजवायचा आणि घरून आणलेला जेवणाचा कापडी दस्तरखान जमिनीवर अंथरायचा. तो होता आठ माणसांचा. एका माणसाला तो फार मोठा दिसायचा, म्हणून त्यानं त्याची एक घडी घातली. मग अजून एक. शेवटी तो रुमालाएवढा झाला, आणि तरीही ताटाभोवती जागा उरायचीच.

मैदानावरही तसंच झालं. हश्मत डाव्या कडेनं धावणारा खेळाडू. कडेच्या खेळाडूला कुणी चेंडूच दिला नाही तर तो नुसता झाडासारखा उभा राहतो. मुद्दाम कुणी काही करत नव्हतं. पण ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याच्याकडे पाहायचंही आपण विसरतो, तसं ते विसरत होते. मग हश्मत सराव संपल्यावर एकटाच मागे थांबायचा आणि समुद्रावरच्या वाऱ्यात पेनल्टी मारत बसायचा. वारा कुठूनही असो, त्याचा चेंडू जाळ्यातच जायचा. वारा तेवढा त्याच्या ओळखीचा होता.

मे महिना आला. क्लब गुणांच्या तक्त्यात तळाशी होता. शेवटचा सामना जिंकला तर वरच्या गटात टिकणार, नाही तर खाली जाणार, अशी वेळ आली. हश्मतचा करारही त्याच महिन्यात संपत होता, आणि करार संपला की त्या देशात राहायची परवानगीही संपणार होती.

सामना संपायला तीन मिनिटं होती. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता. तेवढ्यात क्लबला पेनल्टी मिळाली. नेहमी पेनल्टी मारणारा खेळाडू जखमी होऊन बाहेर बसला होता. तोर्बेननं चेंडू उचलला आणि तो सरळ हश्मतकडे आला.

"तू मारतोस?"

हश्मतच्या अंगातलं हाड न् हाड हो म्हणत होतं. पण समोर कप्तान होता, त्याच्याहून वयानं मोठा, याच गावचा. मानाची गोष्ट पहिल्या फटक्यात हिसकावून कशी घ्यायची? विचार करायच्या आत त्याचा हात छातीवर गेला.

"नको. तुम्ही मारा."

आणि तो थांबला. त्याला वाटलं, आता तरी. निदान आज तरी.

"बरं," तोर्बेन म्हणाला आणि वळला. त्यानं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला आणि धावत येऊन मारला. वाऱ्यानं चेंडू उचलला. तो गोलच्या वरून गेला, कुंपणावरून गेला आणि समुद्राच्या बाजूला कुठेतरी पडला. क्लब खाली गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक हेल्गे हश्मतला बाजूला घेऊन म्हणाला की खालच्या गटात एकच परदेशी खेळाडू ठेवता येईल, आणि त्याच्या मनात हश्मतचं नाव आहे. अजून पक्कं नव्हतं, पण बहुतेक होईल असं तो म्हणाला. हश्मतनं त्याचे आभार मानले. त्याला आपला आवाज परका वाटला, इतक्या दिवसांनी तो मोकळा निघाला होता.

दर वर्षी शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबच्या खोलीत कॉफी असायची. खेळाडू यायचे, गावातले जुने सभासदही यायचे. त्या दिवशी कुणी फारसं बोलत नव्हतं. मग एक म्हातारा सभासद तोर्बेनकडे वळला. तो म्हणाला की आपण रोज मैदानावरून चालत जातो, या अफगाण पोराला एकही पेनल्टी चुकवताना आपण पाहिलेलं नाही. मग कप्तानाला स्वतःच मारायची एवढी काय हौस आली होती? कुणीतरी मागून म्हणालं, पेपरात नाव यायचं होतं ना. दोघंतिघं कडवट हसले.

तोर्बेननं कपात बघत उत्तर दिलं, "मी कप्तान होतो. म्हणून मी मारली."

एवढंच. मी याला विचारलं होतं, हा नको म्हणाला, असं तो बोलला नाही.

हश्मतच्या मनात आलं, आपण गप्प बसलो तर कुणालाच कधी कळणार नाही. तोर्बेन सांगणार नाही, हे आता दिसतच होतं. नोकरी राहील, परवानगी राहील, हे गाव राहील. आणि बोललो तर ऐन वेळी मागे सरलेल्या माणसाला कोण ठेवून घेईल? कोपऱ्यात हेल्गे बसला होता. त्याच्याकडे न बघता हश्मत उभा राहिला. उठताना खुर्ची करकरली, आणि त्या आवाजानं तो स्वतःच दचकला.

"त्यांनी मला विचारलं होतं," तो म्हणाला. "मी नको म्हणालो. पण मला मारायची होती."

तोर्बेननं मान वर केली. "मारायची होती तर नको का म्हणालास?"

"तुम्ही एकदाच विचारलंत."

मग आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत हश्मतनं आपल्या गावची रीत सांगितली. पहिला नकार पाहुण्याचा, दुसरा नकार लाजेचा, तिसऱ्यांदा बाही धरायची. सांगताना त्याला समजत होतं की असं मोठ्यानं बोललं की हे किती विचित्र वाटतं. म्हाताऱ्या सभासदानं कप खाली ठेवला. कुणी हसलं नाही.

तोर्बेन मनाशी मागचं काही जुळवत होता. मग हळूच विचारलं, "आणि जेवायला बोलावलं होतं, तेव्हा?"

"तेव्हाही भूक होती," हश्मत म्हणाला.

चार दिवसांनी क्लबचं पत्र आलं. करार वाढवणार नव्हते. पत्रात कारण दिलेलं नव्हतं, पण हेल्गेनं भेटून सांगितलं. कठीण वेळी चेंडू मागणारा माणूस हवा, असं वरच्या लोकांचं म्हणणं पडलं. हश्मतनं मान डोलावली. त्यांचं चुकलं असं त्याला म्हणता येईना. दूरच्या एका देशातला छोटा क्लब त्याला घ्यायला तयार झाला. तो सहावा देश.

निघायच्या आदल्या दिवशी तोर्बेन दोरखंडाच्या दुकानाचा जिना चढून वर आला. त्यानं दारातूनच विचारलं, "आमच्याकडे जेवायला येतोस?"

हश्मतचा हात उचलला गेला. तो त्यानं मध्येच थांबवला आणि खिशात घातला. "येतो," तो म्हणाला.

तोर्बेनच्या बायकोचं नाव गुद्रून. ती कमी बोलणारी बाई. तिनं मटणाचं भांडं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की हे तुला चालेल असं हलाल मटण आहे, इथे मिळत नाही, दोन तासांवरच्या शहरातून मागवावं लागतं. हश्मत संकोचला. म्हणाला, एका दिवसासाठी एवढा खटाटोप कशाला केलात.

"खटाटोप कसला," गुद्रून म्हणाली. "दुकान माहितीचं होतं. तू आलास त्या पहिल्या दिवशीही तिथूनच आणलं होतं. आम्हीच दोन दिवस खात बसलो."

ती टोमणा मारत नव्हती. ती फक्त घडलं ते सांगत होती. हश्मतनं मान खाली घातली. म्हणजे त्या पहिल्या दिवशी बोलावणं यायच्या आधीच इथे त्याचं ताट मांडलेलं होतं. तो तिकडे बुटांच्या नाड्या बांधत बसला होता, आणि इथे जेवण निवत होतं. त्यानं समोरचं ताट पुढे केलं आणि आणखी वाढायला सांगितलं. गुद्रूननं वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं तो गेला. दहा महिन्यांत त्या गावात तो एकाच घरी जेवला, आणि तेही निघायच्या आदल्या दिवशी.

तात्पर्य: समोरच्याला आपलं मन वाचता येत नाही, म्हणून हवं ते हवं म्हणून सांगावं, आणि परक्या माणसाला विचारताना त्याचं पहिलं नको ऐकून लगेच वळू नये, क्षणभर थांबून आणखी एकदा विचारावं.