तळ्यात नसलेली राही

फार फार वर्षांपूर्वी, तळी माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं आणि गावात सगळे चितारी राहत. सकाळी धुकं उतरलं की वाटे, हे गावही कुणीतरी ओल्या कापडावर काढायला घेतलंय आणि अजून पुरं केलेलं नाही.

गावाची एक रीत होती. माणूस जिवंत असताना त्याचं चित्र काढायचं नाही. तो गेला, की तेराव्या दिवसाच्या आत घरच्या चिताऱ्यानं आठवणीतून त्याचा चेहरा कापडावर उतरवायचा. तेराव्याला चित्र भिंतीवर लागे, घरचे त्याच्याकडे पाहून म्हणत, "हाच तो," आणि मगच गेलेल्याला पुढची वाट मिळते अशी सगळ्यांची श्रद्धा.

आता आठवणीतून काढायचं म्हणजे आधी बघून ठेवायला हवं. त्यामुळे त्या गावात कुणी कुणाकडे टक लावून पाहिलं तरी भांडण होत नसे. उलट म्हातारी माणसं रस्त्यात थांबून म्हणत, "बघ रे बाबा, नीट बघ. हा तीळ उजव्या गालावर आहे. मागाहून घोटाळा नको."

सटवाजी हा त्यांच्यातला नावाजलेला चितारी. त्याची बायको राही चुलीपुढे भाकरी थापायची आणि हा समोर बसून तिच्याकडे बघत राहायचा.

"अहो, भाकरी निवतेय," ती म्हणे.

"निवू दे. भाकरी उद्याही मिळेल," हा म्हणे. ती लाजून तोंड फिरवी, तर हा तिच्या मानेवरचे बारीक केस बघून ठेवी. असल्या नवऱ्यापुढे कोण काय बोलणार!

गावाबाहेर एक तळं होतं. पिढ्यान्‌पिढ्या सगळे चितारी संध्याकाळी तिथे कुंचले धुवायला येत. गेरू, हळद, नीळ, काजळी, जे येईल ते त्या पाण्यानं मुकाट पिऊन टाकलं होतं.

एका पहाटे सटवाजी कोरं कापड भिजवायला तळ्यावर गेला. कापड हातून निसटलं. त्यानं ते ओढून बाहेर काढलं, तर त्यावर एक बाग उमटलेली! मोर, कारंजं, झाडाखाली निजलेली हरणं, पानापानावर दव. एवढं काढायला त्याला दोन महिने लागले असते. त्यानं दुसरं कापड घेतलं आणि पाण्याशी वाकून हळूच म्हणाला, "हत्तीवरची मिरवणूक." पाण्याखाली रंगांचे ढग हलले, एकमेकांत शिरले, आणि कापडावर मिरवणूक आली.

मग काय विचारता! बातमी गावभर झाली आणि सगळेच चितारी तळ्यात कापडं बुडवू लागले. राजवाड्यातून मागणी आली, देवळांतून आली, दूरच्या मुलखांतून गाड्या भरून कापड आलं. सकाळी कापड बुडवायचं, दुपारी वाळवायचं, संध्याकाळी पारावर पान खात बसायचं. कुंचले कोनाड्यात पडून राहिले आणि त्यांचे केस झडले. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मान मोडून काम करण्यात काय सुख असतं ते करणाऱ्याला विचारावं.

पुढे एका शेजाऱ्याचा बाप वारला. तो शेजारी तळ्यावर जाऊन म्हणाला, "माझा बाप. ऐंशी वर्षांचा. पांढऱ्या मिश्या." आलेलं चित्र पाहून सगळं घर खूश. म्हातारा जन्मात एवढा देखणा नव्हता! सुनेनं तर चित्राला हात जोडले, म्हातारा जिवंत होता तेव्हा तिला ते कधी सुचलं नव्हतं. "हाच तो," सगळ्यांनी माना डोलावल्या.

हळूहळू गावात एकमेकांकडे बघणं सुटलं. ठरवून कुणी सोडलं नाही. गरज उरली नाही, एवढंच. राही भाकरी थापायची आणि सटवाजी समोर बसून उद्या तळ्याकडे काय मागायचं याचा विचार करत जेवायचा.

"अहो, भाकरी निवतेय," ती अजूनही म्हणे.

"हं," तो म्हणे.

अशी वीस वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात राहीला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली.

सटवाजीवर आभाळ कोसळलं. बायकोवर त्याचा जीव होता, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. त्यांची एकुलती लेक मंजुळा सासरहून धावत आली. दहाव्या दिवशी सटवाजी डोळे पुसत तळ्यावर गेला आणि म्हणाला, "माझी राही. पंचावन्न वर्षांची. कपाळावर कुंकू."

कापड वर आलं. त्यानं ते घरी नेऊन लेकीपुढे धरलं. मंजुळानं पाहिलं आणि विचारलं, "आबा, ही कोण?"

तो परत गेला. "नाक जरा बसकं," म्हणाला. दुसरीच बाई आली. "रंग सावळा," म्हणाला. तिसरी आली, ती तर एखादी राणी. सगळ्या देखण्या आणि सगळ्या परक्या. चौथं कापड त्यानं उचललं, तेव्हा धुक्यातून तळं बोललं.

"सटवाजी, उगाच कापडं भिजवू नकोस. माझ्याकडे आहे ते तुमच्याच कुंचल्यांचं धुवण. तुम्ही ज्यांना रंगवलंत ते सगळे माझ्यात थोडे थोडे आहेत, एकमेकांत मिसळलेले. तुझ्या राहीला अजून कुणी रंगवलेलंच नाही. मग ती माझ्यात येणार कुठून?"

"मग ती आहे तरी कुठे?"

"तुझ्या डोळ्यांत असायला हवी," तळं म्हणालं, आणि पाणी निश्चल झालं.

सटवाजी घरी आला. शेळीचे केस बांधून त्यानं नवा कुंचला केला, रंग घोटले. पहिल्या दिवशी साधी रेघही सरळ येईना. त्याला स्वतःच्या हाताची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी हाताला जुनी वाट सापडली. मग भुवई आली, हनुवटी आली, लाजून फिरवलेलं तोंड आलं, मानेवरचे बारीक केस आले. तो रडत होता आणि काढत होता.

तेराव्याच्या सकाळी त्यानं मंजुळाला हाक मारली.

"आई!" ती ओरडली आणि तिथेच बसून रडली. मग डोळे पुसून तिनं पुन्हा पाहिलं. "पण आबा, ही मी परकर घालून फिरायचे तेव्हाची आई. केस बघा किती काळे. आताची आई कुठाय? पुढचा दात पडल्यावर पदर तोंडावर धरून हसायची, ती?"

सटवाजीनं कुंचला उचलला. डोळे मिटले. मग उघडले आणि कुंचला खाली ठेवला.

"तिचा दात पडला होता?" त्यानं विचारलं.

मंजुळा त्याच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मी सांगते ना तुम्हाला. तुम्ही काढा."

"नको पोरी. तू सांगशील तशी बाई तळंही काढेल."

तेच चित्र भिंतीवर लागलं. "हीच ती," लोक म्हणाले. सटवाजीचे ओठ हलले नाहीत.

त्या दिवशी तेराव्याचं जेवून घरी गेलेल्या लोकांनी आपापल्या माणसांकडे पाहिलं, आणि बरेच जण चपापले. गावात पुन्हा कुंचले बांधले जाऊ लागले. तळं काही कुणी बुजवलं नाही. बागा, मोर, मिरवणुका अजूनही त्यातून येत. पण आपलं माणूस मात्र पुन्हा कुणी तळ्याकडे मागितलं नाही.

सटवाजी पुढे पुष्कळ जगला. त्याची पाठ वाकली, दाढी छातीवर आली, आणि भिंतीवरची राही पस्तिशीतच राहिली. तो तिच्याखाली बसलेला असे. एखादा परगावचा पाहुणा चित्र पाहून विचारी, "ही तुमची लेक का हो?"

"माझी बायको," सटवाजी म्हणे. "पुढची वीस वर्षं ती माझ्यासमोरच होती. मी बघितली नाही."

तात्पर्य: जे आपण हातानं घडवणं सोडतो, ते डोळ्यांनी बघणंही आपल्याकडून सुटतं.