ताईच्या पानावरची केवडी

एकदा काय झालं, झेंडूच्या फुलात केवडी नावाची एक कोळीण बसली होती. जाळं नाही, काही नाही. ही खेकडा-कोळ्यांची जात, बरं का. तिरकं चालायचं, पुढचे पाय पसरून बसायचं, आणि ज्या फुलात जाऊ त्या फुलाचा रंग अंगावर घ्यायचा. रंग चढेपर्यंत जागचं हलायचं नाही, अशी त्यांची रीतच. झेंडूत बसून बसून केवडी पिवळीधमक झाली होती.

त्या दिवशी विशेष काही नव्हतं. ऊन पडलं होतं. देठावरून एक मुंगळा वर आला नि म्हणाला, "केवडे, तुझी ताई गेली गं. तिची अंडी जास्वंदीच्या पानात आहेत आणि राखायला कुणी नाही. गांधीलमाशी घिरट्या घालतेय."

केवडी उठली. वाटेत मधमाशी भेटली. "काय गं, आज मला धरत नाहीस? उपास आहे का?"

"सुतक आहे बाई. जा तू."

मग तगर लागली, पांढरीशुभ्र. तिथल्या माश्या हसल्या. "अगं, पांढरी तरी होऊन जा! असं कुणी फिरतं का?" केवडी थांबली नाही. तशीच पिवळी पुढे गेली.

मग जास्वंदीचं हिरवंगार पान आलं. ताईने ते दुमडून रेशमाने शिवलं होतं. केवडी त्यावर बसली, कुणालाही लांबून दिसेल अशी. आणि गांधीलमाशी आलीच! केवडीने पुढचे पाय उगारले. गांधीलमाशी थबकली. तो पिवळा रंग बघून म्हणाली, "अगं बाई, आमच्यातलीच कुणी आधी येऊन बसलीय वाटतं." आणि गेली, ती गेलीच.

मग केवडी बसून राहिली. खाणं नाही, पिणं नाही. पान वाऱ्यावर झुलायचं, तीही झुलायची. अर्धी झोपेत, अर्धी जागी. आतली हालचाल पायांना लागली, की हळूच म्हणायची, "मावशी आहे रे इथे."

एका सकाळी शिवण उसवली. पिल्लं बाहेर आली, मोहरीएवढीसुद्धा नव्हती. एकेकाने बारीक धागा हवेत सोडला, वारा आला, आणि धागा धरून ती तरंगत निघाली.

"मावशी, येतो!"

"सावकाश रे, थांबा जरा..." केवडी म्हणेपर्यंत पान रिकामं.

कुणी मोगऱ्यावर उतरलं, कुणी शेवंतीवर. सगळी सुखात आहेत, बरं का. ज्याला जे फूल मिळालं, त्याचा रंग पांघरून निजली आहेत. तुम्हीही डोळे मिटा आता.

त्यांच्या आईचं नाव तेवढं त्यांना सांगायचं राहिलं.