सख्याच्या वाटणीची भाकरी

फार मागे, जनावरं माणसांशी बोलायची तेव्हा, टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर मिस्कीनशा नावाचा फकीर राहायचा. त्याची एक शेळी होती, ठिपकी. सांजेची मगरिबची नमाज झाली की फकीर अर्धी भाकरी फडक्याखाली झाकून ठेवी आणि गाऊ लागे, "सख्या, दार उघडं आहे, ये रे आता." सखा काही यायचा नाही. सकाळी ती अर्धी भाकरी ठिपकीला मिळायची.

ठिपकीचं त्यात भलंच होतं. पण फकीर दिवसेंदिवस वाळत चालला, तसं तिला राहवेना. हा सखा आहे तरी कोण? इतक्या हाका मारूनही येत नाही म्हणजे काय! शिंगांवर घेऊन आणते त्याला, असं म्हणत ती टेकडी उतरली.

तिनं विहिरीतल्या कासवाला विचारलं, मग चिंचेवरच्या घारीला.

"दिसतो कसा गं तो?" दोघांनीही विचारलं.

ठिपकीला काय ठाऊक! तिला नुसतं गाणं येत होतं, तेच तिनं म्हणून दाखवलं. कासवापाशी गाताना तिला हसू येत होतं. घारीपाशी तिचा आवाज कापरा झाला. परतताना विचारणारं कुणी नव्हतं, तरी ती गातच राहिली.

"कुठं होतीस गं?" फकिरानं विचारलं.

"तुमच्या सख्याला शोधत होते, बाबा. नाही भेटला."

फकीर हसला. "दमलीस. खा." त्यानं फडकं बाजूला करून अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली.

दिवसभराच्या उपाशी ठिपकीनं भाकरी हुंगली आणि तोंडानं फडकं पुन्हा तिच्यावर ओढून ती झाकली.

"राहू दे, बाबा. तो आला तर?"