येसू, ये

पाय गोधडीत घ्या, पोरांनो, आणि गप पडा. राजाच्या गोष्टी तुम्हाला पाठ झाल्यात, ही म्हातारीची आहे.

एक होती नामी. बापानं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं, डोळे मिटून बोट ठेवलं, तिथं हे नाव निघालं. आणि ती होतीही नामी. भाकरी नामी, गाणं नामी, शिवी तर एकदम नामी.

मग काय झालं, राजानं डोंगर फोडून पाट काढायला घेतला. नामीचा नवरा गेला खणायला, दोन्ही पोरं गेली. डोंगर बसला खाली, तिघंही आत. राजाला पाट मिळाला, बरं का. नामीला तीन पागोटी मिळाली, मातीनं भरलेली.

ती चावडीवर आली आणि म्हणाली, "आजपासून मला नामी म्हणू नका. मारा म्हणा."

टवाळ पोरं म्हणाली, "मारू की, काकू. कशानं मारू?"

"मारा म्हणजे कडू, गाढवांनो. शास्त्रात लिहिलंय."

मग घरी येऊन तिनं ते शास्त्र रिकाम्या कणगीत टाकलं, वर झाकण दाबलं. देवाला म्हणाली, "परत कधी येशू म्हटलं तर जीभ झडो माझी."

पण गंमत बघा. घरात उरली होती एक धाकटी सून. परमुलखातली पोर, नाव येसू. लग्नात नाव ऐकून पाळकसाहेबांना वाटलं, ही बाप्तिस्मा घेऊनच आलीय. मग म्हातारी दिवसभर काय ओरडणार? "येसू, इकडं ये." "येसू, कुठं मेलास?" रागात तर ती पोरीला पोरगाच करायची. आता हे वर कसं ऐकू जात असेल, तुम्हीच सांगा.

एक दिवस ती ओरडली, "येसू, पीठ संपलं."

येसूनं कणगीत हात घातला. शास्त्राखाली मूठभर पीठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर. रोज एकच मूठ, दोघींत एक भाकरी.

"तीन माणसं नेली आणि मूठभर पीठ दिलं," म्हातारी म्हणाली. "दानशूरच."

येसू म्हणाली, "आत्या, तुम्ही सांगायचात ना, ती सरपंचाची विधवा? तिचं पण पीठ सरत नव्हतं."

"सरपंचाची नाही, सारफथ गावची," म्हातारी खेकसली. सगळं सोसेल, पण चुकीचं शास्त्र सोसायची नाही. मग तिनंच अख्खी गोष्ट सांगितली. तो दुष्काळ, ती शेवटची भाकर खाऊन मरायला बसलेली मायलेकरं, ते न आटणारं तेल. सांगून झाल्यावर थुंकली.

मग उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, पाणी जहर झालं. म्हातारी ओरडली, "येसू, पाणी कडू झालं."

दुपारी वावटळ आली. काठावरचा लिंब मुळासकट विहिरीत. गाव म्हणालं, आधीच कडू, त्यात कडुलिंब. येसूनं पोहरा ओढला, ओंजळ तोंडाला लावली. पाणी गोड.

"हे शास्त्रातल्या मावशीसारखंच झालं, आत्या. तिनं पण कडू पाण्यात झाड टाकलं होतं."

"मावशी नाही गं, मोशे. आणि त्या जागेचं नाव होतं," म्हातारी बोलता बोलता अडखळली, "मारा."

सगळं गाव ते पाणी पिऊन गेलं. म्हातारी प्यायली. तिच्या जिभेला कडूच.

मग तिसऱ्यांदा काय झालं, येसूचा भाऊ गाडी घेऊन आला. "आमची पोर कोवळी आहे. नेतो."

"ने," म्हातारी म्हणाली. "इथं काय पिकतंय?"

"आत्या, राहू का मी?"

"जा म्हटलं ना." गाठोडं तिनंच बांधलं.

गाडी निघाली. म्हातारी उंबऱ्यात बसली. शास्त्रातल्या नामीची पण माणसं मेली होती, पण तिची सून तिला सोडून गेली नव्हती. हिची निघाली. म्हणजे ती गोष्टपण खोटी. गाडी वेशीत पोचली आणि म्हातारीच्या छातीतून हाक निघाली, "येसू, ये."

कुणाला मारली, तिचं तिलाच कळलं नाही.

बैल बसले. भावानं शेपट्या पिरगाळल्या, चाबूक ओढला, बैल हलेनात. येसू उतरली. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आली परत.

"हाक मारलीत, आत्या?"

"तुला कोण बोलावतंय? मी त्याला बोलावत होते."

"मग आला का तो?"

म्हातारीनं तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं. मग म्हणाली, "चूल पेटव."

आणि कणगीतनं शास्त्र काढून पदरानं पुसलं.

पोरं काही परत आली नाहीत, बरं का. राजाचा पाट अजून वाहतोय त्यांच्यावरनं. नाव पण तिनं बदललं नाही, मारा ती माराच. पण पीठ सरलं नाही आणि येसू गेली नाही. तेवढ्या सुखात दोघी राहिल्या.

चला, डोळे मिटा. अंधाराची भीती वाटली तर हाक मारा. हाक म्हटलंय, एकमेकांना नाही.